गाझासाठी नाचणाऱ्यांची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मँचेस्टरमध्ये २९ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या पॅलेस्टिनी संगीत-नृत्याच्या मदतनिधी कार्यक्रमाचं छायाचित्र आपण छापलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यावर आठवड्याभरात एका वाचकाचं पत्र आलं. गाझात लेकरं भिजलेल्या तंबूत कुडकुडत असताना इथे भरजरी कपडे घालून नाचायला यांचं मन धजावतं तरी कसं, आणि मदतच करायची तर मुकाट्याने पैसे पाठवावेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्या संध्याकाळी सभागृहात होते. या शहरात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पाय गमावलेल्या रुग्णांना पुन्हा उभं करण्यात माझा दिवस जातो. लग्नाआधी पुण्यात बरीच वर्षं कथकही शिकले. या दोन्ही नात्यांनी त्या पत्राला उत्तर द्यावंसं वाटतं.

त्या वाचकांचा प्रश्न खोडसाळ आहे असं मी म्हणणार नाही. पॅलेस्टिनी माणसांनी तो आपल्या कितीतरी आधी स्वतःला विचारला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझावर जे युद्ध लादलं गेलं, त्यातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार आता ७० हजारांच्या वर गेला आहे. त्या काळात वेस्ट बँकेतल्या मैफली आणि महोत्सव बंद झाले. येशूचं जन्मगाव असलेल्या बेथलेहेममध्ये २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी नाताळची रोषणाई झाली नाही, चौकात झाड उभं राहिलं नाही. २०२३ मध्ये तिथल्या ल्युथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवण्याऐवजी पडक्या भिंतींच्या दगडांवर ठेवली होती. सुतक काय असतं हे त्या लोकांना आपण सांगायला नको.

कार्यक्रम ज्यांनी उभा केला त्या बाई मूळच्या नाबलुसच्या. इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात आणि रविवारी सकाळी पॅलेस्टिनी मुलांचा दबकेचा वर्ग घेतात. दबके म्हणजे हातात हात धरून, ओळीने, पाय आपटत करायचा त्यांचा समूहनाच. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी वर्ग बंद केला होता. तो पुन्हा सुरू करावा असं कोणी सुचवलं हे मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गाझातल्याच माणसांनी. माझी मावसबहीण खान युनिसला तंबूत राहते. ती फोनवर म्हणाली, तुझ्या वर्गातल्या मुली नाचताना बघायच्यात, व्हिडिओ पाठव. मी म्हटलं, वर्ग बंद आहे. तर माझ्यावरच चिडली."

छायाचित्रात न आलेलंही थोडं सांगते. त्या दिवशी लग्नाची गाणी एकही नव्हती. पॅलेस्टिनी गाण्यांचा अर्धा खजिना लग्नातलाच आहे. मेंदीच्या रात्रीची गाणी, नवरदेवाच्या मिरवणुकीची गाणी, सगळी ठरवून बाजूला ठेवली होती. आनंदाच्या प्रसंगी बायका जीभ हलवून जो लांब, कापरा, टिपेचा आवाज काढतात, तो काढू नये असं सुरुवातीलाच सांगितलं होतं. शेवटच्या नाचाला मागच्या रांगेतल्या एका आजींना तो आवरला नाही, आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. एरवी कार्यक्रमभर पथ्य पाळलं गेलं. काय गायचं नाही हे इतक्या बारकाईने ठरवणारी माणसं दुःख विसरून नाचत होती असं मला तरी म्हणवत नाही.

तारीखही सहज निवडलेली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. पुढे युद्ध झालं आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हीच तारीख पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिवस म्हणून जाहीर केली.

आता त्या 'भरजरी' कपड्यांबद्दल. मुलींनी घातले होते ते थोब, म्हणजे पायघोळ झगे. त्यावरचं भरतकाम म्हणजे तत्रीझ. बहुतेक काम फुल्यांच्या टाक्याचं, उलटी-सुलटी बाजू सारखीच नीट. पूर्वी थोबच्या छातीवरची नक्षी आणि धाग्याचे रंग पाहून बाई कुठल्या भागातली, कधी कधी कुठल्या गावची, हेही ओळखता यायचं. रामल्लाची ओळख पांढऱ्या तागावर लाल धाग्याची, तर बेथलेहेमकडे सोनेरी-रुपेरी कलाबतू कापडावर वळणावळणाने बसवून टाचायची पद्धत. १९४८ नंतर निर्वासितांच्या छावण्यांत वेगवेगळ्या गावच्या बायका एकत्र आल्या आणि नक्ष्याही एकमेकींत मिसळल्या. इस्रायली अमलाविरुद्धच्या १९८७ च्या पहिल्या उठावात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी तो झेंडा आणि त्याचे रंग झग्यांवर भरले. २०२१ मध्ये युनेस्कोने या भरतकामाची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या बाहीवर एके ठिकाणी धाग्याचा रंग किंचित वेगळा होता. आजीचा थोब आहे, फाटला तिथे आईने भरला, असं त्यांनी सांगितलं. हा झगा अशा संध्याकाळीही घालायचा नाही, तर मग घालायचा कधी?

नाचाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण छायाचित्रात नाच दिसत नाही, फक्त उचललेले पाय दिसतात.

ओळीच्या उजव्या टोकाला म्होरक्या असतो. त्याला लव्वीह म्हणतात. त्याचा एक हात शेजाऱ्याच्या हातात आणि दुसऱ्या मोकळ्या हातात मण्यांची माळ किंवा रुमाल, तो गरगर फिरवत राहायचं. ओळ उजवीकडे सरकते. मूळ पाऊल असं: डावा पाय उजव्याच्या पुढून टाकायचा, उजवा बाजूला, पुन्हा डावा पुढून, उजवा बाजूला, मग डावा झटक्यात उचलायचा आणि जमिनीवर आपटायचा. झाल्या सहा मात्रा. पण दरबुका, म्हणजे हाताने वाजवायचा त्यांचा ढोल, वाजवणारा चार मात्रांचा ठेका देत असतो. म्हणजे पहिल्या खेपेला पाय आपटतो तो ठेक्याच्या मध्येच कुठेतरी. पावलांची दोन आवर्तनं आणि ठेक्याची तीन झाली की बारा मात्रांनी दोघं पुन्हा एका जागी येतात. कथकवाल्यांना वेगळं सांगायला नको, ती सम आहे. मी मांडीवर बोटं मोजत बसले होते आणि पहिल्यांदा हिशेब जुळला तेव्हा अंगावर काटा आला. गंमत अशी की नाचणारे मोजत नाहीत. लहानपणी लग्नात मोठ्यांच्या मध्ये उभं राहून हात ओढले जातात तसे पाय टाकायला शिकतात, आणि चुकलं तर पुढचा हात ओढून वळणावर आणतो. ओळीत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, तो थाप दर वेळी अंमळ आधी मारायचा. त्याच्या डावीकडच्या मोठ्या मुलीने त्याचा हात किंचित मागे दाबून धरला. दोन फेऱ्यांत तो बरोबर आला, आणि ती मुलगी समोर बघत नाचतच होती.

हा नाच आला कुठून, तर घराच्या छपरावरून, असं सांगतात. लाकडी वाशांवर झावळ्या-काटक्या घालून वर माती लिंपलेली धाब्याची घरं. पावसाळ्याच्या तोंडावर माती भेगाळली की शेजारीपाजारी वर चढायचे, एकमेकांना धरून ओळीने माती तुडवायचे, आणि तुडवताना गायचे. ही कथा किती जुनी ते कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण त्यातली एक गोष्ट आजच्या नाचातही दिसते. एकट्याने दबके करताच येत नाही. म्होरक्या मधूनच सुटा होऊन उड्या मारून येतो खरा, पण परत ओळीतच शिरतो. २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे गाझावर बॉम्ब पडत असतानाच, युनेस्कोने पॅलेस्टाईनच्या दबकेचीही अमूर्त वारशाच्या त्याच यादीत नोंद केली. त्याआधी चाळीसहून अधिक वर्षं रामल्ला-अल बिरेचं 'अल फुनून' हे पथक हा नाच रंगमंचावर नेत आलं आहे. १९७९ मध्ये हौशी तरुणांनी ते सुरू केलं आणि पहिल्या उठावाच्या काळात त्यांच्यातल्या काहींनी तुरुंगवासही भोगला. नाचणं ही तिथे हलकी गोष्ट कधीच नव्हती.

वाद्यांमध्ये ऊद हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं बहुतारी कानून, 'नाय' नावाची वेळूची बासरी, दरबुका आणि रिक नावाचा झांजांचा डफ होता. यरगूल वाजवणारा एक मध्यमवयीन गृहस्थ होता. यरगूल म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या वेळूच्या दोन नळ्या, एक आखूड, एक लांब. आखूड नळीवर बोटं फिरतात, लांब नळी एकच स्वर धरून राहते. श्वास तोडायचा नाही, म्हणून गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा. दहा मिनिटं त्या माणसाचे गाल फुगलेलेच होते आणि कपाळावरचा घाम टपकत होता.

आपल्या गाणं ऐकणाऱ्या वाचकांसाठी एक मुद्दाम सांगते. उदाच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे स्वर हवा तिथे थांबवता येतो. त्या संध्याकाळचं पहिलं वादन बयाती मकामात होतं. मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी स्वरांची चौकट. बयातीत षड्जावरून चढताना गंधार कोमल, मध्यम शुद्ध, पण रिषभ कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या अगदी मध्ये. कानूनवाल्याच्या डाव्या हाताशी छोट्या छोट्या धातूच्या कळा असतात, त्या उचलून-पाडून तो तारेचा स्वर एवढाएवढा हलवतो. सुरुवातीला हा रिषभ आपल्या कानाला लागत नाही. थोडा वेळ बसून राहा. मग तोच रिषभ सगळ्या मैफलीचा जीव वाटायला लागतो आणि घरी येऊन पेटी उघडली की तिच्यावर तो सापडत नाही म्हणून चुटपुट लागते. नंतर हिजाझ मकामातलं गाणं आलं, तिथे कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर उडी असल्यामुळे आपल्याला एकदम भैरवच्या अंगणात आल्यासारखं होतं. पॅलेस्टाईनचं नाव आपण वर्षानुवर्षं बातम्यांत ऐकतो. तिथे मकाम आहेत, घराण्याघराण्यांतून आलेली वाद्यं आहेत, हे कोणी सांगत नाही.

मध्यंतरानंतर पाच बायका वाद्यांशिवाय गायल्या. या गाण्यांना तरवीदे म्हणतात. संथ चाल, जात्यावरच्या ओवीसारखी पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येणारी. शब्दांच्या मध्ये 'ल'कारी अक्षरं अशी पेरलेली की परक्याला काही कळू नये. तुर्कांच्या आणि पुढे ब्रिटिशांच्या अमलात कैदेतल्या माणसांपर्यंत निरोप पोचवायला बायकांनी ही युक्ती काढली, असं त्यांच्यात सांगतात. सभागृहात पुष्कळ इंग्रज होते. निवेदिकेने हे काहीही न लपवता, शांतपणे सांगितलं.

आता पैशांकडे येते, कारण त्या पत्रातला खरा टोला तिथे होता.

तिकीट पंधरा पौंडांचं होतं. सभागृह एका शाळेने विनामूल्य दिलं होतं, जेवण पालकांनी करून आणलं होतं, कलाकारांनी मानधन घेतलं नाही. जमलेली सगळी रक्कम गाझात पुनर्वसनाचं काम करणाऱ्या एका नोंदणीकृत वैद्यकीय संस्थेला गेली. तिकिटाव्यतिरिक्त ज्यांनी देणगी दिली, त्यांच्याकडून दारातच 'गिफ्ट एड'चा फॉर्म भरून घेतला जात होता. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने नोंदणीकृत संस्थेला एक पौंड दिला की संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मिळतात. मुकाट्याने पाकीट टाकणारे बहुतेक जण हा फॉर्म भरत नाहीत. समोर टेबल मांडून, पेन हातात देऊन भरून घेतला तर शंभराचे सव्वाशे होतात. माणसं एकत्र जमवण्याचा हा एक रोकडा फायदा.

आणि हे पैसे कशाला लागतात, ते माझ्या कामातलं असल्यामुळे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ मधल्या अंदाजानुसार गाझात सुमारे ४२ हजार माणसांना आयुष्यभर पुरतील अशा दुखापती झाल्या आहेत. त्यांत चारांतलं एक मूल आहे. पाच हजारांहून अधिक जणांचे हात-पाय कापावे लागले. आपल्याकडे लोकांना वाटतं, जयपूर फूट बसवला की झालं. मोठ्या माणसाचंही तेवढ्यावर भागत नाही, मुलाचं तर नाहीच. मूल वाढतं तसा कापलेल्या पायाचा उरलेला भागही वाढतो. ज्या कपात तो बसतो ते सॉकेट घट्ट होतं, टोचायला लागतं, कातडी सोलवटते, म्हणून साधारण वर्षभरात नवं करावं लागतं. शिवाय लहान मुलांत हाडाचं टोक मांसापेक्षा वेगाने वाढून कातडीला आतून भोसकतं, त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया. सात वर्षांच्या मुलीचा पाय आज गेला, तर ती मोठी होईपर्यंत कितीतरी सॉकेट, कितीतरी वेळा चालायला नव्याने शिकणं. गाझा शहरात कृत्रिम अवयव बसवणारं जुनं केंद्र आहे, पण साचा घ्यायच्या प्लास्टरपासून प्रत्येक वस्तू बाहेरून यावी लागते आणि ती वेळेवर आत पोचत नाही. १० ऑक्टोबर २०२५ ला शस्त्रसंधी लागू झाली म्हणून हे काम संपलेलं नाही. हा खर्च पुढची पंधरा-वीस वर्षं चालणारा आहे. एकदाच रडून पैसे देणारा माणूस इतका काळ टिकत नाही. ज्याला त्या माणसांच्या गाण्याची गोडी लागली तो पुढच्या वर्षीही येईल. मी तरी जाणार आहे.

कार्यक्रमातलं सगळंच मला पटलं असं नाही. मध्यंतराआधी एक चित्रफीत दाखवली. जखमी मुलांचे चेहरे जवळून, खाली करुण संगीत. ती दाखवायला नको होती. माझ्या दवाखान्यात रुग्णाचा फोटो काढायचा तर लेखी संमती लागते. तंबूतल्या लेकराचा चेहरा मात्र कोणीही कुठेही दाखवावा, हे मला मान्य नाही. त्यात भाषणं लांबली, आणि त्यामुळे नायवादन पाच मिनिटांत गुंडाळावं लागलं. ज्यांनी फुकट वाजवलं त्यांना निदान पूर्ण वाजवू द्यायला हवं होतं. हे मी आयोजक बाईंनाही सांगितलं. चित्रफितीबद्दल त्यांचंही मत तेच होतं, पण ती नसेल तर लोक खिशात हात घालत नाहीत असं समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं. मला ते खरं वाटत नाही. देणगीच्या टेबलापाशी रांग लागली ती दबके संपल्यावर.

गाझात गाणं शिकवणारी माणसं होती आणि आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या, आता एडवर्ड सईद यांचं नाव असलेल्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाची शाखा गाझा शहरात होती. युद्धात तिथले शिक्षक विस्थापित झाले, आणि त्यांच्यातल्या काहींनी तंबूत मुलांना जमवून गाणं, गिटार, व्हायोलिन शिकवणं चालू ठेवलं. डोक्यावर ड्रोनची घरघर दिवसरात्र चालू असताना. पोटात अन्न नसताना यांना गाणं सुचतं कसं, हे त्या वाचकांनी त्या शिक्षकांना विचारून पाहावं. तिथली मुलं गात असतील तर मँचेस्टरच्या मुलांनी गप्प बसावं हा आग्रह आपण कोणत्या अधिकाराने धरायचा?

आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, यापुढे अशा कार्यक्रमाचं छायाचित्र छापाल तेव्हा खाली 'पारंपरिक वेशातील कलाकार' एवढंच लिहू नका. नाचाचं नाव दबके, झग्याचं नाव थोब, वाद्याचं नाव यरगूल, हे छापा. दोन, मदत पाठवू इच्छिणाऱ्या ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना सांगा की पैसे देण्याआधी संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो चॅरिटी कमिशनच्या (इंग्लंड-वेल्समधल्या धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर तपासून घ्यावा. तिथे संस्थेचे हिशेबही पाहायला मिळतात. युद्धाच्या नावाने फसवणारेही कमी नाहीत.

त्या वाचकांना माझं आमंत्रण आहे. रविवारचा वर्ग बाहेरच्यांना खुला आहे, मीही जाऊ लागले आहे. सहा मात्रांचं पाऊल अजून चारच्या ठेक्यावर नीट बसत नाही, पण शेजारचे हात घट्ट धरतात.

आपली,
एक मराठी फिजिओथेरपिस्ट, मँचेस्टर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)